कंपनीला दिशा द्यायची आहे? आधी रिसॉर्ट बुक करा

दूरगामी धोरण ऑफिसात बसून ठरत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तिथे फोन वाजतात, गिऱ्हाईक माल कुठे अडकला म्हणून ओरडतं, धंद्याची आठवण होत राहते. त्यासाठी लोणावळ्यालाच जावं लागतं. दुपारी काजू करी, मग हॉलच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या. प्रत्येकाने चिठ्ठीवर कंपनीचं एकेक स्वप्न लिहून चिकटवायचं. जेवणानंतर एसीचा झोत जोरात असतो, चिठ्ठ्या गळू लागतात. संध्याकाळपर्यंत भिंतीवर ज्या उरतील, ते तुमचे प्राधान्यक्रम.

सल्लागार हवाच. चाकणच्या शेडमधला सुपरवायझर जे वर्षानुवर्षं घसा फोडून सांगतोय, तेच सल्लागार इंग्रजीत, चार चौकोनांत बसवून देतो. आता त्यावर जीएसटी लागतो, म्हणून ते पटतं.

मग ध्येयवाक्य. 'शाश्वत, ग्राहककेंद्री नावीन्यातून जागतिक नेतृत्व' असं काहीतरी. पंपवाला, पापडवाला आणि पतसंस्था, तिघांनाही मापात बसलं तर समजा जमलं. एवढ्यात स्टोअर्सचे काका विचारतील, "साहेब, पुढच्या महिन्याचं स्टील कुठून आणायचं?" त्यांना प्रेमाने सांगा, "काका, हे आपण नंतर ऑफलाइन बोलू."

आणि भविष्य खरोखरच दारात येऊन उभं राहिलं तर? डगमगू नका, कोडॅकचा कित्ता गिरवा. १९७५ साली त्यांच्याच स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा जुळवून साहेबांपुढे ठेवला. साडेतीन किलोंचं धूड, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. साहेब म्हणाले, छान आहे, पण बाहेर बोलू नकोस. बरोबरच आहे, फिल्मचा धंदा तेजीत होता! दिवाळखोरीचा अर्ज थेट जानेवारी २०१२ मध्ये करावा लागला. मधल्या छत्तीस वर्षांत किती स्लाइड झाल्या असतील, विचार करा.

उलट आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलचं दुकान काय, मग कडबा कापायचं यंत्र काय, मग लोखंडी नांगर काय! तो नांगरही शेतकरी आधी घेईनात. लोखंडाने जमीन नासेल अशी त्यांना धास्ती. १९१० मध्ये गडी कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना थाटून मोकळा. रोडमॅप नाही, सल्लागार नाही, काजू करीचं तर नावच नको. अशा उमेदवाराला आज मुलाखतीच्या पहिल्या फेरीतच नारळ मिळाला असता.

राहता राहिलं पोस्टरवर छापायचं, ध्येय गाठण्याचं साल. ते शून्याने किंवा पाचाने संपणारं घ्या आणि तुमच्या निवृत्तीच्या पलीकडे ठेवा. हिशेब विचारायला येतील तेव्हा तुम्ही नातवाला बागेत फिरवत असाल. मात्र कधीकधी एक्स्टेन्शन मिळतं, घात तिथे होतो. म्हणून डिझायनरकडून पोस्टरची ओपन फाइल आजच मागून घ्या. २०३० चं २०३५ करायला त्याला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढ्याचे तो पैसेही घेत नाही.