भाच्याचा लाल बॉल काढून घेणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी बहिणीकडे गेलो. गॅलरीतल्या हुकाला जुन्या मोज्यात घालून टांगलेला लाल बॉल दिसेना. भाचा तेरा वर्षांचा. रोज शाळेआधी त्या बॉलवर सरळ बॅटने डिफेन्स करायचा. शंभर झाल्याशिवाय दुधाला हात लावायचा नाही. विचारलं तर खाली बघत म्हणाला, "पप्पांनी काढला मामा. आता फक्त सिक्स मारायच्या म्हणाले." दाजींनी मोबाईल पुढे केला. 'टेस्ट टीमचं काळं सत्य.' हा मेसेज मलाही तीन ग्रुपवर आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

मेसेज म्हणतो: टेस्ट टीम आयपीएल बघून निवडतात, रणजीच्या, म्हणजे राज्याराज्यांत लाल बॉलने होणाऱ्या अनेक दिवसांच्या सामन्यांच्या, धावा कुणी मोजत नाही. करुण नायरला टेस्टमधल्या 303 धावांनंतर पुन्हा कधीच घेतलं नाही. मुंबईवाल्यांशिवाय कुणाचं काम होत नाही. म्हणून पोराचं भलं हवं असेल तर लाल बॉल सोडायला लावा.

रणजी मोजत नाहीत? ऑक्टोबर 2024. न्यूझीलंडने बेंगळुरूत आपल्याला हरवलं. त्याच आठवड्यात वॉशिंग्टन सुंदरने तमिळनाडूकडून दिल्लीविरुद्ध रणजीत 152 केले आणि लगेच त्याला टीममध्ये बोलावलं. मार्च 2021 नंतर त्याची एकही टेस्ट नव्हती. पुण्यात, गहुंजेला, पहिल्या डावात 59 धावांत 7 विकेट, मॅचमध्ये 11. न्यूझीलंडकडे डावखुरे होते, त्यांच्यासाठी त्याच्यासारखा ऑफस्पिनर हवा होता, हे मान्य. पण तो नजरेत राहिला कुठे, तर रणजीच्या मैदानावर. बुमराहचं नाव घेऊन सांगतात की तो आयपीएलमधून आला. बुमराह 2013 पासून गुजरातकडून रणजी खेळत होता, पहिली टेस्ट मिळाली जानेवारी 2018 मध्ये.

नायरचं अर्धं खरं आहे. डिसेंबर 2016 ला चेन्नईत 303, आणि पुढच्याच टेस्टला रहाणे परतला म्हणून हा बाहेर. मीही तेव्हा चिडलो होतो. पण 'पुन्हा कधीच' हे धादांत खोटं. मार्च 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो तीन टेस्ट खेळला, धावा झाल्या नाहीत. आठ वर्षांनी परत आला तो विदर्भाकडून रणजीच्या एका मोसमात 863 धावा काढून. 2025 ला इंग्लंडमध्ये चार टेस्ट खेळला.

मुंबईचं म्हणाल तर अमोल मुजुमदार मुंबईचाच, अकरा हजारांवर फर्स्ट क्लास धावा, एकही टेस्ट नाही. पद्माकर शिवलकर, 589 विकेट, तेही मुंबईचेच, त्यांनाही एकही टेस्ट नाही. मुंबईच्याच सरफराज खानला ताटकळत ठेवलं, ते मलाही पटलेलं नाही. निवड समिती चुकते, पूर्वीही चुकली. 1948 ला महाराष्ट्राकडून नाबाद 443 करणाऱ्या भाऊसाहेब निंबाळकरांना टेस्ट मिळाली नाही. भांडायचं तर यावर भांडू.

पण पोराच्या हातून लाल बॉल काढणं? दाजी, जरा हिशोब करा. त्याच्या वयाच्या पोरांपुढची पहिली मोठी पायरी म्हणजे सोळा वर्षांखालच्यांची विजय मर्चंट ट्रॉफी. ती तीन-तीन दिवसांची, लाल बॉलची. तिथे ऑफस्टंपबाहेरचा सोडता येत नसेल, बॉल अंगाखाली येईपर्यंत थांबता येत नसेल, तर दुसऱ्या ओव्हरला स्लिपमध्ये कॅच देऊन पोरगं तंबूत. पुढचा पाय बाजूला काढून बॅट फिरवायची सवय या वयात लागली की ती मोडताना कोचच्या नाकी नऊ येतात. सिक्स नंतरही शिकता येते, मनगटात ताकद आली की. म्हणजे आयपीएल हेच ध्येय धरलं तरी तुम्ही त्याच्या वाटेतली पायरीच काढून टाकताय. मेसेज लिहिणाऱ्याचं यात काय जातं? आपलं पोरगं जातं.

आणि हे सोलापुरात बसून पटावं! टेस्टमध्ये भारताचं पहिलं द्विशतक करणारे पॉली उम्रीगर याच गावात जन्मले. जानेवारी 2024 ला इथल्या पार्क मैदानावर महाराष्ट्र-मणिपूर रणजी मॅच होती तेव्हा दाजी, तुम्ही माझ्याशेजारी बसून म्हणाला होतात, "आपला पोरगा इथं खेळेल का रे?"

बॉल कपाटात वरच्या फळीवर आहे, ताईने दाखवलाय. उद्या सकाळी सहाला दोरी घेऊन येतो.