‘लहानपणी केस झाली की बंदुकीचा परवाना आयुष्यभर नाही’: हे धादांत खोटं आहे

गेले काही दिवस कोकणातल्या वाडीवाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वर ‘पालकांनो सावधान’, खाली मुद्दे, शेवटी एक मोबाइल नंबर. मुद्दे असे: अठराच्या आत पोरावर केस झाली की त्याला शस्त्र परवाना आयुष्यात मिळत नाही. घरातल्या बाकीच्यांचे परवानेही रद्द होतात. पोलीस भरती आणि पासपोर्ट विसरा. नाकारलं तर दाद कुठेच नाही. म्हणून अर्जात ‘केस नाही’ असंच लिहा, नाहीतर दिलेल्या नंबरवर फोन करा, ‘रेकॉर्ड क्लिअर करून मिळेल’. पुरावा म्हणून अमेरिकेतली एक क्लिप जोडलेली आहे. त्यात एका पोराला दुकानदार बंदूक विकत नाही, कारण काय, तर सोळाव्या वर्षी केलेला गुन्हा.

हा मेसेज माझ्या मामीला आला आणि तिची झोप उडाली. आजोबा गेल्यापासून त्यांची ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे, नळीला सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवर परवान्याचा नंबर. भातात रानडुकरं शिरतात, माडावर वानर एक शहाळं ठेवत नाहीत. मामेभावाला तो शेतीसंरक्षणाचा परवाना वारस म्हणून आपल्या नावावर करून घ्यायचाय. पण सोळाव्या वर्षी शिमग्यातल्या एका मारामारीत त्याचं नाव आलं होतं. बाल न्याय मंडळाने, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या मंडळाने, समज देऊन घरी सोडलं, विषय मिटला. आता मेसेज वाचून मामी विचारते, “आता काय करूचा रे? त्या माणसाक पैसे देऊया?”

अजिबात नाही. एक रुपयासुद्धा नाही.

आधी मुख्य दावा. ‘केस झाली की परवाना कायमचा बंद’ असं शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. कोणाला शस्त्र बाळगता येत नाही ते कलम ९ मध्ये आहे. एकवीस वर्षं पूर्ण न झालेला माणूस. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून कैदेची शिक्षा झालेला माणूस, आणि तोही शिक्षा संपल्यापासून पाच वर्षांपर्यंतच. शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून दिलेला माणूस, त्या बंधपत्राची मुदत संपेपर्यंत. म्हणजे खून करून जन्मठेप भोगून आलेल्या प्रौढ माणसावरची बंदीसुद्धा या कलमात आयुष्यभराची नाही, आणि शिमग्यात दोन ठोसे मारणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला हे लोक आयुष्यभराची बंदी सांगतात!

आता ज्या एका कलमावर हा सगळा मेसेज कोसळतो ते सांगतो. बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम २४. त्याची सुरुवातच अशी आहे की इतर कोणत्याही कायद्यात काहीही म्हटलेलं असलं तरी, ज्या बालकाच्या हातून गुन्हा घडला आणि ज्याचं प्रकरण या कायद्याखाली हाताळलं गेलं, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होणार नाही. ‘इतर कोणत्याही कायद्यात’ म्हटल्यावर शस्त्र अधिनियमही त्यात आला. त्याच कलमाचा पुढचा भाग सांगतो की अपिलाची मुदत किंवा नियमात ठरवलेला काळ उलटला की त्या दोषसिद्धीची कागदपत्रं नष्ट करण्याचा आदेश मंडळाने द्यायचा. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत हा काळ जास्तीत जास्त सात वर्षांचा आहे. आणि हे दोषी ठरलेल्या मुलालाही लागू आहे. मामेभावाला तर नुसती समज मिळाली होती, तुरुंगवास नाही, दंड नाही. कायद्याने आपणहून त्या पोराची पाटी कोरी केली आणि ग्रुपवरचे लोक तिच्यावर पुन्हा काळं फासतायत.

सगळ्यात संताप येतो तो शेवटच्या मुद्द्याचा, म्हणजे खोटं लिहा किंवा पैसे द्या. मेसेजमधलं बाकीचं अज्ञान म्हणून सोडता येईल, हे सोडता येणार नाही. ‘रेकॉर्ड क्लिअर’ करणं हे कुठल्याही एजंटाचं काम नाही. तो आदेश मंडळ देतं आणि त्याला फी नसते. मुळात बंद झालेल्या किंवा निकाली निघालेल्या प्रकरणातली बालकाची कोणतीही नोंद पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा आणखी कशासाठी उघड करायचीच नाही, असं याच कायद्याच्या कलम ७४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. जे गुप्त ठेवणं पोलिसांवर बंधनकारक आहे तेच गुप्त ठेवण्याचे हा माणूस गोरगरिबांकडून पैसे मागतो. आणि त्याला फोन करताना आपण काय करतो? पोराचं नाव, गाव, प्रकरण, सगळं एका अनोळखी माणसाला आपल्या तोंडाने सांगतो. जी माहिती वर्तमानपत्राला छापायला बंदी आहे ती आपणच त्याच्या हातात देतो. उद्या त्याने आणखी पैसे मागितले तर?

खोटं लिहिण्याचा सल्ला तर पोराला खड्ड्यात घालणारा आहे. माहिती दडवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेला परवाना शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली रद्द करता येतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे परवाना अडला नसता, ती लपवण्याच्या नादात तो हातचा जाणार. अर्जातला प्रश्न नीट वाचा आणि जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या. ‘शिक्षा झाली आहे का’ असं विचारलं असेल आणि मंडळाने समज देऊन सोडलं असेल, तर ‘नाही’ हेच खरं उत्तर आहे. प्रलंबित खटल्यांबद्दल विचारलं असेल तर निकाली निघालेलं प्रकरण प्रलंबित नसतं. पडताळणीला आलेल्या हवालदाराने जुना विषय काढलाच, तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ आणि ७४ ची प्रत आणि मंडळाच्या आदेशाची नक्कल पुढे ठेवा. हात जोडत बसायची गरज नाही.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो, कारण मेसेजमध्ये खऱ्याचा अंश आहे तो एवढाच. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा, आणि बालन्यायालयाने (हे मंडळ नव्हे, सत्र न्यायालयाच्या पातळीचं न्यायालय) त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवून तो दोषी ठरला, तर कलम २४ चं संरक्षण त्याला मिळत नाही आणि त्याची नोंदही जपली जाते. शिवाय बंदुकीचा परवाना मागितला की मिळालाच असं आपल्याकडे नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा अर्जदार ‘अयोग्य’ वाटला म्हणून अधिकारी नकार देऊ शकतो, आणि काही ठिकाणी जुनी मारामारी त्या नकारात चोरवाटेने शिरते हेही खरं. पण तो एका अधिकाऱ्याचा निर्णय असतो, त्याला कारण द्यावं लागतं आणि तो बदलता येतो. आयुष्यभराची बंदी ही गोष्ट वेगळी.

घरातल्या इतरांचे परवाने रद्द होतात हा निव्वळ बाष्कळपणा. परवाना माणसाच्या नावावर असतो, रेशन कार्डावर नाही. पोराने बापाचीच बंदूक उचलून काही केलं असेल तर बापाला जाब द्यावा लागेल, आणि तो द्यायलाच हवा. ते हत्यार नीट न सांभाळल्याबद्दल असेल.

पोलीस भरतीचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेलं प्रकरण आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात उपनिरीक्षक म्हणून निवड झालेल्या एका तरुणाला अल्पवयातल्या प्रकरणावरून अडवलं होतं. त्याने ते प्रकरण स्वतःहून अर्जात लिहिलं होतं आणि त्यातून तो निर्दोषही सुटला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला आणि सांगितलं की अल्पवयात दोषी ठरला असता तरी ती नोंद पुसली जावी, मुलावर डाग राहू नये, हाच या कायद्याचा रोख आहे. त्या तरुणाचं नाव निकालात आहे, मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्याच्या कमरेला सरकार स्वतः पिस्तूल देणार त्याचं बालपण आड येत नाही, मग रानडुकरं हाकायला ठासणीची बंदूक मागणाऱ्याचं का यावं? पासपोर्टलाही कलम २४ तसंच लागू आहे, त्यावर वेगळं लिहीत नाही.

राहिली अमेरिकेची क्लिप. तिथे २०२२ च्या जूनमध्ये नवा कायदा झाला, टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर साधारण महिन्याभराने. एकवीसच्या आतला कोणी दुकानातून बंदूक घ्यायला आला, तर त्याच्या बालवयातल्या नोंदी तपासायला यंत्रणेला दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत वेळ मिळतो. तो त्यांच्या देशाचा कायदा, त्यांच्याकडे अठराव्या वर्षी रायफल विकत मिळते म्हणून केलेला. आपल्याकडे एकवीसच्या आत परवानाच नाही. त्या क्लिपचा सावंतवाडीतल्या पोराशी काडीचाही संबंध नाही.

आणि ‘दाद कुठेच नाही’ हेही खोटंच. अधिकाऱ्याला नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर त्यांचं थोडक्यात निवेदन द्यावं लागतं. सार्वजनिक हिताच्या कारणासाठीच ते अडवता येतं. शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली वरच्या प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. तेव्हा नकार आला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका, लेखी कारणं मागा, त्यावरची तारीख बघा आणि मुदतीच्या आत अपील टाका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कोणालाही तिथून फुकट वकील मिळतो.