थंडी फक्त यांच्याच सोयीची का?

आज सकाळी सव्वाआठला साइटवर पोचले, तर सेंटरिंगवाल्याची, म्हणजे स्लॅबखालचा साचा आणि टेकू लावणाऱ्याची, दोन पोरं हॉलच्या स्लॅबखाली उभी. एकाच्या हातात हातोडा. मधल्या बीमखाली टेकू दिलेल्या बल्लीची पाचर ठोकून निम्मी बाहेर काढलेली. स्लॅब टाकून आज फक्त आठवा दिवस! मी गाडी तशीच आडवी टाकून धावले आणि ओरडले, "हात लावू नका!" ती पोरं घाबरून बाजूला झाली. त्यांचा काय दोष, त्यांना मुकादमानं पाठवलेलं. मुकादमाला कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलेलं. आणि कॉन्ट्रॅक्टर फोनवर मला म्हणतो, "ताई, सात दिवस झाले की. सातव्या दिवशी उघडतातच. वीस वर्षं घरं बांधतोय मी."

वीस वर्षं बांधताय ना? मग गेला दीड महिना रोज सकाळी मला जी थंडी सांगत होतात, ती आज कुठे गेली?

मला हेच बोलायचंय. दिवाळी झाली, काम सुरू झालं, तेव्हापासून या माणसाच्या तोंडात एकच शब्द आहे. गवंडी दहाला येतात, का तर थंडी आहे. साडेचारला हात धुतात, दिवस लवकर मावळतो. प्लिंथचं मिश्रण कडक झालं म्हणून बादलीनं पाणी ओतलं, का तर थंडीत बिगाऱ्यांचे हात चालत नाहीत. कॉलमला पाणी मारलं नाही, थंडीत लागत नाही म्हणे. प्रत्येक वेळी थंडी. मग सेंटरिंग काढायच्या दिवशी मात्र थंडी नाही. त्या दिवशी कॅलेंडर बघायचं, सात मोजायचे आणि पाचर ठोकायची.

आमचं घर निफाड तालुक्यात आहे. इथली थंडी कोणाला समजावून सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते दर हिवाळ्यात पेपरात येतं. आमच्या स्लॅबच्या आठवड्यात रोज पहाटे सहा-सात अंश होते. त्याच पहाटे आमच्या प्लॉटच्या पलीकडच्या बागेत शेकोट्या पेटलेल्या होत्या. द्राक्षाचे मणी थंडीनं तडकतात, म्हणून माणसं रात्रभर जागून बागेत धूर करतात, पहाटे ठिबक सोडतात. आमच्या कॉन्ट्रॅक्टरची स्वतःची दोन एकर बाग आहे. तोही त्या रात्री बागेत होता, मला माहीत आहे. द्राक्षाला थंडी वाजते हे या माणसाला कळतं. मग माझ्या स्लॅबला वाजते हे का कळत नाही?

सिमेंट म्हणजे चिखल नाही, की वाळलं आणि झालं. सिमेंट आणि पाणी यांची आत प्रक्रिया चालू असते, तिच्यातून ताकद येते. पाणी उडून गेलं की ती प्रक्रिया थांबते, आणि गारवा वाढला की मंदावते. म्हणून थंडीत पाणी कमी नाही, उलट जास्त दिवस लागतं. त्यात आम्ही वापरतोय पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. ते चांगलंच असतं, पण सुरुवातीला ताकद सावकाश धरतं. माझा मावसभाऊ पाटबंधारे खात्यात आहे. त्याच्याकडून आयएस 456 ची, म्हणजे काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानकाची पानं मागवून घेतली आणि तीन रात्री बसून वाचली. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस सतत ओलं ठेवायचं, आमच्यासारख्या मिश्र सिमेंटला किमान 10. टेकू काढायचं कोष्टकही त्यातच आहे. साडेचार मीटरपर्यंतचा स्लॅब असेल तर 7 दिवस, सहा मीटरपर्यंतचा बीम असेल तर 14. आणि या आकड्यांच्या वरच स्पष्ट लिहिलंय की हे दिवस कधी धरायचे: हवा 15 अंशांच्या खाली जात नसेल, सिमेंट साधं असेल आणि पाणी नीट मारलेलं असेल, तेव्हा. नाहीतर दिवस बदलायचे.

आमची हवा रात्रभर 15 च्या खाली. आमचं सिमेंट साधं नाही. पाणी सुरुवातीला नीट मारलेलं नाही. आणि ज्या बल्लीला आज हातोडा लागला, ती बीमखालची! हॉलचा बीम सोळा फुटांचा आहे. त्याला सगळं अनुकूल असतं तरी 14 दिवस लागले असते. यांनी स्लॅबचे सात दिवस उचलून बीमला लावले.

मी हे फोनवर वाचून दाखवलं. उत्तर काय आलं? "ताई, पुस्तकातलं वेगळं आणि साइटवरचं वेगळं. साहेबांना फोन द्या ना जरा."

साहेब म्हणजे माझे मिस्टर. ते चाकणला कंपनीत आहेत, रविवारी येतात. हे घर दोघांच्या नावावर आहे, कर्जाच्या कागदावर माझी सही आहे आणि हप्ता माझ्या पगारातून जातो. सकाळी शाळेच्या आधी मी इथे असते, शाळा सुटली की मी इथे असते. सळई मोजून मी घेतली. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखालचे छोटे ठोकळे, न लावता जाळी थेट साच्याच्या प्लेटांवर टेकवली होती, ती उचलायला मी लावली. तरी प्रत्येक गोष्टीला साहेबांना फोन द्या. साहेबांना काय सांगणार आहात? त्यांनाही तेच कोष्टक लागू आहे.

स्लॅबचा दिवस आठवला की अजून हात थरथरतात. सातला सुरू करायचं ठरलेलं. मिक्सर आला पावणेअकराला. निम्मी माणसं आलीच नाहीत, कारण त्या आठवड्यात बागांमध्ये विरळणी आणि डिपिंगची, म्हणजे घड औषधात बुडवायची घाई होती. तिथे रोज जास्त मिळतो, मुकादमानं परस्पर तिकडे वळवली. मग काय, दहा माणसांचं काम सहा जणांवर. माल हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर संध्याकाळी बंद पडला आणि शेवटचे दोन बीम सळईनं कोचून भरले. एका गोणीला 30 लिटर पाणी, हे मी मिक्सरवाल्याला तीनदा सांगितलं, मोजायला कॅनही आणून दिला. कॅन बाजूला पडून राहिला आणि पाइप थेट ड्रममध्ये. पातळ माल पटकन पसरतो, थापीला जोर लागत नाही. काम संपलं रात्री साडेनऊला, हॅलोजनच्या उजेडात, तोंडातून वाफा निघत होत्या अशा गारठ्यात.

त्या बिगारी बायांबद्दल माझ्या मनात काही राग नाही, हे इथेच सांगते. पेठ-सुरगाण्याकडून आलेली जोडपी आहेत. दिवसभर घमेली वाहून रात्री पत्र्याच्या शेडमध्ये, खाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून झोपतात. त्यांच्यात एक आठ-नऊ महिन्यांचं बाळ आहे. त्यांच्या पांघरुणाची सोय मुकादमानं करायची की कॉन्ट्रॅक्टरनं, यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत होते. शेवटी मी घरातली चार ब्लँकेटं नेऊन दिली. खरी थंडी त्यांना वाजते, आणि त्या बायकांनी एकदाही थंडीचं कारण सांगितलं नाही. कारण सांगतो तो, जो जॅकेट घालून गाडीत काच वर करून बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्लॅबवर चढले. वर दव पडलेलं. मिस्त्री म्हणाला, "बघा ताई, देवानंच पाणी मारलं." नऊला ऊन आलं आणि दव गेलं. अकरापर्यंत स्लॅब पांढराफटक. आमच्याकडे थंडीतली हवा कोरडी असते, ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि दुपारी वारा सुटतो. असा स्लॅब उघडा ठेवला तर पाणी उडतंच. उत्तरेच्या कोपऱ्यात केसासारख्या भेगा मला त्याच दुपारी दिसल्या. मी म्हटलं वाफे बांधा, पाणी साठवा. मिस्त्री म्हणाला उद्या. उद्या म्हणाला, माणूस नाही. मग मी, माझे दीर आणि माझा नववीतला मुलगा, तिघांनी मिळून संध्याकाळी मातीचे वाफे घातले आणि कॉलमना बारदान गुंडाळलं. करारात 'क्युरिंगसह', म्हणजे पाणी मारण्यासह, असा शब्द आहे. त्याचे पैसे दरात धरलेले आहेत. ते काम आम्ही केलं.

आणि पाणी कुठून आणायचं? पाणी विहिरीचं, मोटर थ्री फेजची, आणि शेतीची लाइट या आठवड्यात रात्रपाळीची. रात्री पावणेएकला येते. दिवसा लाइट असती तर शाळेतून येऊन भरलं असतं. आता काय, सहा अंशांत, स्वेटरवर स्वेटर घालून, विहिरीवर जायचं आणि मोटर चालू करून स्लॅबवर पाइप धरून उभं राहायचं. बाजूला ऊस आहे, त्यात बिबट्याची मादी पिल्लांसकट दिसल्याचं सगळी वस्ती सांगते. दीर हातात बॅटरी आणि काठी घेऊन उभे राहतात, मुलगा डबा वाजवतो. तेव्हापासून रोज रात्री आम्ही हे केलं. सकाळी मी शाळेत जाऊन मुलांना शिकवते आणि मुलगा वर्गात पेंगतो. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं हेच करायचं का, हाही प्रश्न आहे, आणि त्याचा राग वेगळा आहे. पण ज्याला या पाण्याचे पैसे दिलेत तो घरी झोपलेला असतो, हा राग आजचा आहे.

बरं, एवढी घाई कसली? तेही मला सेंटरिंगवाल्या पोराकडूनच कळलं. प्लेटांचा संच एकच आहे आणि साइटी तीन. दिवाळीनंतर सगळ्यांची कामं एकदम निघतात, सगळ्यांना पावसाळ्याच्या आत छप्पर हवं असतं. पिंपळगावकडच्या एका साइटवर उद्या प्लेटा हव्यात, तिथला स्लॅब परवा टाकायचाय. म्हणजे माझ्या बीमखालचा टेकू काढायचा, तो दुसऱ्याच्या स्लॅबखाली लावायचा, आणि तिथूनही सातव्या दिवशी काढायचा. त्या घरातल्या बाईला हे माहीत आहे का? तिला कोणी कोष्टक दाखवलं असेल का?

आमचा इंजिनीअर काय करतो, विचारू नका. बँकेला टप्प्याचा दाखला लागतो, तेव्हा त्याची सही वेळेवर येते. स्लॅबच्या दिवशी तो वीस मिनिटं आला, जाळीचे फोटो काढले आणि गेला. आज त्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, कॉन्ट्रॅक्टर अनुभवी आहे, काही होत नाही." काही होत नाही! मी म्हटलं, मग हेच लिहून द्या, की आठव्या दिवशी बीमचे टेकू काढायला हरकत नाही, खाली तारीख आणि सही. त्यानं मीटिंग आहे सांगून फोन ठेवला.

माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षं मातीच्या घरात काढली. दर पावसाळ्यात भिंतीला पोतेरं, दर पावसाळ्यात गळकी कौलं. त्या रोज विचारतात, छप्पर झालं का? मी हो म्हणते. त्या हॉलमध्ये, त्याच बीमखाली त्यांची कॉट येणार आहे. मी नकाशात जागा ठरवून ठेवलीये, खिडकीजवळ, ऊन येतं तिथे. म्हणून मला काही होत नाही हे उत्तर चालणार नाही.

पाचर मी पुन्हा ठोकून घेतली, माझ्यासमोर. मग शाळेत फोन करून अर्धी रजा टाकली आणि दुपारपर्यंत तिथेच प्लेटांखाली खुर्ची टाकून बसले. बारा वाजता कॉन्ट्रॅक्टर स्वतः आला. म्हणाला, प्लेटांचं जादा दिवसांचं भाडं तुम्हाला पडेल. मी म्हटलं, करार काढा आणि दाखवा कुठे लिहिलंय. तो म्हणाला, मग वरच्या पॅरापेटचं, गच्चीच्या कठड्याचं काम पुढच्या महिन्यात बघू, माणसं नाहीत. बघा. थांबू दे काम. घरभाडं आणखी एक महिना भरीन, कर्जाचं व्याज भरीन. पण थंडी धरून 14 चे 21 दिवस पूर्ण होईपर्यंत त्या बीमखालची एकही बल्ली हलणार नाही. हे मी वहीत लिहून त्याची सही घेतली आहे. आधी द्यायला तयार नव्हता. मी म्हटलं, सही नसेल तर पुढचा चेकही नाही. मग केली.

आज रात्रीही लाइट पावणेएकलाच येणार. दिरांना सांगितलंय, उत्तरेच्या कोपऱ्यातला वाफा फुटलाय, फावडं घेऊन या.