पाचशेच्या स्टॅम्पवर मशीन आपल्या नावावर होत नाही

गेल्या रविवारी मोहोळहून भाच्याने एक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, ‘मामा, हे एवढे वाचा, म्हणजे उद्या इसार देऊन टाकतो.’ ‘जुनी मशीन घेणाऱ्यांनी आणि भाड्याने देणाऱ्यांनी लक्षात ठेवायच्या सात गोष्टी’ असे त्या संदेशाचे शीर्षक आहे. हाच मजकूर त्याआधी मला एका ठेकेदाराने, एका टायरवाल्याने आणि नात्यातल्या एका निवृत्त गुरुजींनीही पाठवला होता. गुरुजींचा बॅकहोशी, म्हणजे आपण सरसकट जेसीबी म्हणतो त्या खोदाईच्या मशीनशी, संबंध अंगणातले लिंबाचे झाड पाडण्यापुरताच आला असल्याने मी तो न वाचता सोडून दिला होता. भाचा मात्र त्याच्या भरवशावर साडेचौदा लाखांचे जुने मशीन घ्यायला निघाला होता, त्यामुळे या वेळी तो ओळ न ओळ वाचावा लागला. मी वकील नाही. बावीस वर्षे सोलापुरातल्या लहान ठेकेदारांचे हिशेब आणि कागद सांभाळतो, आणि या सात गोष्टींपैकी बहुतेकींचे परिणाम माझ्या टेबलावर फाइलीच्या रूपाने आलेले आहेत.

पहिला मुद्दा जसाच्या तसा देतो: ‘पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की मशीन तुमचे झाले. आरटीओत नाव लावणे ऐच्छिक आहे, कारण जेसीबी हे वाहन नसून यंत्र आहे.’ बाकीचे सहा मुद्दे चुकले असते तरी चालले असते, पण हे वाक्य माणसाला देशोधडीला लावणारे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमध्ये २००० साली ‘बांधकाम उपकरण वाहन’ अशी स्वतंत्र व्याख्या घालण्यात आली असून तिच्यात टायरवर चालणारे बॅकहो, लोडर, रोलर, ग्रेडर, फिरते क्रेन ही सगळी मंडळी नावानिशी बसवलेली आहेत. होटगी रस्त्यावरून रोज जाणाऱ्या पिवळ्या मशीनच्या मागे एमएच १३ अशी पाटी कशासाठी असते, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. वाहन म्हटले की मोटार वाहन कायदा, १९८८ लागू होतो आणि त्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० त्यासाठीच आहेत. यात ऐच्छिक काहीही नाही.

आपल्याकडे तर यात आणखी एक गाठ असते. कर्नाटकातले विजयपूर आणि कलबुर्गी इथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे केए २८ आणि केए ३२ पाट्यांची मशीन सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढ्यात सर्रास विकली जातात. त्यांना तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि मशीन बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इकडे ठेवायचे असेल तर इकडचा नवा नंबर घ्यावा लागतो. ‘मागाहून बघू’ म्हणून आणलेली अशी मशीन मी पाहिली आहेत. एकाचा मूळ मालक वारला, वारसांत भांडण लागले आणि फॉर्मवर सही करायला कोणी उरले नाही. मशीन शेतात उभे आहे आणि त्याच्या बकेटमध्ये कोंबड्या अंडी घालतात.

आता नोटरीबद्दल. अमुक माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या, एवढेच नोटरी सांगतो. विकणारा खरोखर मालक आहे का, मशीनवर बोजा आहे का, याची तो चौकशी करत नाही आणि ते त्याचे कामही नाही. एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. मालविक्री कायदा, १९३० नुसार जंगम वस्तूची मालकी विकणारा आणि घेणारा यांच्यापुरती करारानुसार हस्तांतरित होऊ शकते, त्यामुळे या दोघांच्या आपसातल्या भांडणात आरसी बुकावरचे नाव हाच शेवटचा शब्द नसतो. संदेशकर्त्याने कुठेतरी हे अर्धवट ऐकले असावे. पण अपघात झाला की त्यात तिसरा माणूस येतो, आणि त्या तिसऱ्या माणसाला तुमच्या स्टॅम्पपेपरशी काहीही घेणेदेणे नसते.

सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल याच प्रश्नावर आहे. तत्कालीन सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. खानविलकर आणि न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठासमोर आलेल्या त्या प्रकरणात एक मोटार नोंदणीकृत मालकाकडून दुसऱ्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे अशी हात बदलत गेली होती, आणि एकानेही आरटीओत नाव लावले नव्हते. दरम्यान तिने अपघात केला. उच्च न्यायालयाने मूळ मालकाला मोकळे सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि कायद्यातील ‘मालक’ या शब्दाची व्याख्या पाहता ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच भरपाईला जबाबदार, असे ठरवले. त्यामागचा विचार साधा आहे. ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याला गाडी कुठून कुठे विकली गेली याची साखळी शोधत फिरायला लावू नये. ती गाडी मोटार होती, मशीन नव्हते, असे कोणी म्हणेल; पण नोंदणी झालेल्या बॅकहोलाही हीच व्याख्या लागू आहे.

याचा फटका घेणाऱ्याआधी विकणाऱ्याला बसतो, हे संदेशात औषधालाही नाही. दक्षिण सोलापुरातल्या एका शेतकऱ्याने आपला बॅकहो नोटरीवर विकला, रोख पैसे घेतले आणि त्यातून मुलीचे लग्न केले. दोन वर्षांनी त्यांच्या दारात मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली. मशीन तोवर तिसऱ्याच तालुक्यात होते आणि विमा संपून आठ महिने झाले होते. ते माझ्याकडे आले तेव्हा तो स्टॅम्पपेपर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एका पिशवीत, असा जपून आणला होता. ‘साहेब, हे बघा, शिक्का आहे,’ असे ते तीनदा म्हणाले. विम्याचेही तसेच आहे. विक्रीबरोबर तिसऱ्या व्यक्तीपुरता विमा कायद्याने नव्या मालकाकडे गेला असे धरले जाते, पण मशीनच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही. त्यासाठी कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावे लागते.

‘पोकलेनला पासिंग लागत नाही’ हे त्याच मुद्द्याला जोडलेले पुढचे वाक्य मात्र बहुतांशी खरे आहे. साखळीवर चालणारे, स्वतःच्या बळावर रस्त्यावरून न जाणारे, ट्रेलरवर चढवून न्यावे लागणारे यंत्र त्या व्याख्येत सहसा बसत नाही. परंतु त्यावरून कागद कमी लागतात असा निष्कर्ष काढणे म्हणजे उलटी गंगा आहे. आरसी बुक नसल्यामुळे मूळ बिल, मधल्या प्रत्येक विक्रीचे बिल आणि मशीनवर कोरलेला अनुक्रमांक हेच त्याचे आरसी बुक असते, आणि यांतला एक दुवा तुटला तरी चोरीचे मशीन आणि विकत घेतलेले मशीन यांत फरक दाखवता येत नाही.

दुसरा मुद्दा: ‘मागचे कर्ज ही मागच्या मालकाची डोकेदुखी.’ डोकेदुखी त्याची, मशीन मात्र तुमच्या दारातून जाईल. तारण ठेवलेल्या वस्तूवरचा बोजा वस्तूबरोबर चालतो. फायनान्स कंपनीने कर्ज मशीनवर दिलेले असते, मशीन कोणाच्या आवारात उभे आहे त्यावर नाही. तुम्ही विकणाऱ्यावर दावा लावू शकता, कारण निर्वेध मालकी देणे ही विक्रीतली गृहीत हमी आहे, पण तो दावा चालेपर्यंत हप्ते, ऑपरेटरचा पगार आणि ठरलेली कामे यांचे काय करायचे, ते संदेशात नाही. टायरच्या मशीनचा बोजा आरसीवर दिसतो आणि तो उतरवायला फॉर्म ३५ व कंपनीचे ना-हरकत पत्र लागते. पोकलेनसारख्या यंत्रावरचे तारण सरसाई या केंद्रीय नोंदवहीत थोडे शुल्क भरून कोणालाही शोधता येते. विकणारा ‘शेवटचे दोनच हप्ते राहिलेत’ म्हणत असेल, तर त्याच्याबरोबर फायनान्स कंपनीत जाऊन ते दोन हप्ते आपल्या पैशातून थेट भरावेत आणि व्यवहाराच्या रकमेतून वजा करावेत. मी इतकी वर्षे हेच सांगत आलो आहे आणि प्रामाणिक विकणारा त्याला कधी नाही म्हणालेला नाही.

तिसऱ्या मुद्द्यात आवर मीटर, म्हणजे मशीन एकूण किती तास चालले ते दाखवणारा मीटर, आठ हजारांच्या आत असेल तर डोळे झाकून घ्या, असा सल्ला आहे. भाच्याला दाखवलेले मशीन २०१५ चे असून मीटर ५,२०० तास दाखवत होता. रोज आठ तास आणि वर्षाला दोनशे-अडीचशे दिवस काम धरले तर एका वर्षाचेच सोळाशे ते दोन हजार तास होतात. मग हे मशीन दहा वर्षे देवळात बसले होते काय? मी त्याच्याबरोबर चिंचोळीला जाऊन ते पाहिले. मीटरची काच कोरी करकरीत होती आणि पॅडलवरचे रबर झिजून खालचे लोखंड चकाकत होते. ऑपरेटरला मागचा बूम ताणून बकेट जमिनीपासून हातभर उंच धरायला सांगितला आणि ती डावीकडे-उजवीकडे झुलवायला लावली, तर किंग पोस्टाच्या, म्हणजे बूम ज्याच्यावर फिरतो त्या सांध्याच्या, पिनेपाशी खडखड आवाज येत होता आणि बोट जाईल एवढी फट उघडत-मिटत होती. नंतर बूम वर उचलून इंजिन बंद करवले. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत तो वीतभर खाली आला होता, म्हणजे सिलिंडरची सील गेलेली असावी. ‘थंडीमुळे होते,’ असे विकणाऱ्याचे म्हणणे पडले. त्या दिवशी सोलापुरात अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. मीटर बदलला जातो, बंद ठेवला जातो, आणि कधी प्रामाणिकपणे बिघडलेलाही असतो. म्हणून मशीनच्या अनुक्रमांकावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी काढून पाहाव्यात. २०१९ च्या जॉब कार्डावर ९,००० तास असतील तर आजचे ५,२०० काय ते सांगायला वेगळा तज्ज्ञ लागत नाही.

चौथा आणि पाचवा मुद्दा भाड्याविषयी आहेत आणि ते एकमेकांना छेदतात. चौथा म्हणतो, मशीन भाड्याने दिले की सगळी जबाबदारी घेणाऱ्याची. पाचवा म्हणतो, मशीन बंद पडले त्या दिवसांचे भाडे द्यावे लागत नाही, ‘कायदाच तसा आहे’. एक मालकाला खूश करतो, दुसरा भाडेकरूला. संदेश दोघांनीही पुढे पाठवावा एवढाच त्यामागचा हिशेब असावा. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १५० चौथ्या मुद्द्याच्या थेट विरुद्ध आहे: वस्तू भाड्याने दिलेली असेल तर तिच्यातल्या दोषामुळे होणाऱ्या नुकसानीला देणारा जबाबदार असतो, मग तो दोष त्याला ठाऊक असो वा नसो. घेणाऱ्याने ती स्वतःची असल्यासारखी शहाणपणाने वापरायची असते, हे त्यापुढच्या कलमात आहे. शिवाय आपल्याकडे मशीन बहुधा मालकाच्या ऑपरेटरसह जाते, आणि मग ऑपरेटर कोणाचा, डिझेल कोणाचे, हुकूम कोणाचा, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर बरेच काही फिरते.

पाचव्या मुद्द्यातला कायदा अस्तित्वात नाही. जे आहे तो करार आहे. मशीनच्याच बिघाडामुळे काम थांबले तर ते तास धरू नयेत, हा रिवाज रास्त आहे आणि तेवढ्यापुरता संदेश बरोबर म्हणावा लागेल. पण सोलापूरच्या काळ्या मातीत एक जोरदार पाऊस पडला की टायर रुततात आणि मशीन चार दिवस ठप्प उभे राहते. त्यात मालकाचा काय दोष? महिन्याला २०० तासांचे किमान भाडे ठरले असेल तर मशीन चालो न चालो, ते द्यावेच लागते. किमान तास लिहिलेलेच नसतील तर त्या चार दिवसांवरून महिनाभर फोन चालतात आणि शेवटी ते प्रकरण माझ्याकडे येते.

सहाव्या मुद्द्यात लेखी करार नसेल तर भाडे बुडाले असे समजा, असे लिहिले आहे. तोंडी करारही करारच असतो. अडचण पुराव्याची असते आणि पुरावा म्हणजे लॉगशीट. रोज सकाळचा मीटर, संध्याकाळचा मीटर, डिझेल, कामाची जागा आणि खाली साइट सुपरवायझरची सही. कार्बनची प्रत ऑपरेटरकडे राहिली पाहिजे. महिन्याच्या शेवटी एकदम घेतलेल्या तीस सह्या एकाच पेनाच्या आणि एकाच बैठकीच्या असतात, हे समोरच्या वकिलाला पहिल्या पानावर कळते. थकबाकीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, ती मात्र ‘देतो, देतो’ ऐकण्यात निघून जाऊ देऊ नये.

सातव्या मुद्द्यावर फार शब्द खर्चण्यासारखे नाही. ग्राहक न्यायालय तीन महिन्यांत पैसे परत देते, हा समज कायद्यातल्या एका शब्दप्रयोगावरून निघाला आहे. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे तिथे म्हटले आहे. त्याआधीचा प्रश्न तुम्ही ग्राहक ठरता का, हा आहे. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ग्राहक नसतो. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तरच त्याला अपवाद आहे. भाचा स्वतः मशीन चालवणार असल्याने कदाचित त्यात बसेल. दोन ऑपरेटर ठेवून तीन मशीन फिरवणारा बसणार नाही.

चिंचोळीहून परतताना भाच्याने विकणाऱ्याकडे फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी मागितल्या. ‘सोमवारी देतो,’ असे उत्तर आले. सोमवार होऊन गेला, काल फोन केला तेव्हा मशीनला दुसरे गिऱ्हाईक लागल्याचे कळले. इसाराचे पन्नास हजार अजून ताईच्या कपाटात आहेत.