पोकळी पारा ओढत नाही

भाची सहावीत आहे. मोबाइलवर फिरणारा ‘हवामानाची पहिली यंत्रे : मुलांसाठी सचित्र माहिती’ हा तक्ता तिने शाळेच्या प्रकल्पासाठी जसाच्या तसा वहीत उतरवला आणि मला कौतुकाने दाखवला. तोच तक्ता आमच्या ग्रुपवर आला तेव्हा मी गप्प बसलो होतो. आता नाही बसवत.

पहिल्या चित्रात गॅलिलिओ रंगीत काचगोळ्यांचा तापमापक बनवतोय. गॅलिलिओ १६४२ मध्ये वारला. ते गोळे फ्लॉरेन्सच्या अकादेमिया देल चिमेंतो या विज्ञानसंस्थेशी जोडलेले आहेत आणि ती सुरू झाली १६५७ मध्ये. गॅलिलिओच्या स्वतःच्या उपकरणात नळीतली हवा उष्णतेने फुगायची, थंडीने आकसायची. तिच्यावर अंशांच्या खुणाही नव्हत्या.

खरा संताप दुसऱ्या चित्राचा. इटलीच्या तोरिचेल्लीची नळी, म्हणजे पहिला वायुभारमापक : पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केलेली काचनळी. वरच्या रिकाम्या जागेत बाण आणि शेजारी वाक्य : ‘पोकळी पाऱ्याला वर ओढून धरते.’ अहो, हीच समजूत तोरिचेल्लीने मोडून काढली! ११ जून १६४४ रोजी मित्र रिच्चीला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. पुरावाही देतो. त्याने दोन नळ्या घेतल्या, एकीच्या वरच्या टोकाला काचेचा मोठा फुगा, दुसरी साधी. ओढणारी पोकळी असती तर मोठ्या फुग्याने पारा जास्त वर नेला असता. दोन्हींत पारा एकाच उंचीवर थांबला. म्हणजे जोर आतला नाही. बाहेरची हवा भांड्यातल्या पाऱ्याला दाबते. या दोन नळ्या शेजारी-शेजारी काढल्या असत्या तर सहावीच्या मुलीला शब्दही लागले नसते. पुढे १६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या बहिणीचा नवरा पेरिए ही नळी घेऊन फ्रान्समधल्या प्वी द दोम डोंगरावर चढला. डोंगर आपल्या महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटएवढा उंच. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर उतरला, कारण वर हवेचा थर कमी. पोकळी का डोंगर बघून थकते?

सेल्सियसने १७४२ मध्ये पाणी उकळण्याला ० आणि गोठण्याला १०० म्हटलं होतं. तक्त्यातल्या चित्रात उलटं आहे.

‘जगातला पहिला पर्जन्यमापक चाणक्याचा’ या तक्त्यातल्या वाक्यात मात्र तथ्य आहे, मानावं लागेल. ‘पहिला’ हा शब्द मी लिहिणार नाही, कारण चाणक्याच्या नावावरच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथाच्या काळावरच अभ्यासकांचं एकमत नाही. पण कोठारात एक अरत्नी, म्हणजे कोपरापासून हातभर, रुंद तोंडाचं कुंड ठेवावं असं त्यात आहे. तक्त्यात दाखवलेली खुणांची काचनळी नाही. प्रदेशांचा पाऊसही द्रोण या जुन्या मापात दिलाय : अवंतीला २३, आणि अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणपट्टीला, आकडाच नाही, नुसतं ‘अमितम्’, म्हणजे अमाप. भाचीला आता मी त्या कुंडाचंच चित्र काढायला सांगितलंय.