पितळी पाटीच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत: "नव्या घराची पितळी पाटी वाया घालवली. मराठी नाव डावीकडं ठळक, उजवीकडं पुसट. कन्नड अक्षरं चेपलेली. वेलीची टोकं बोथट, कमळ अंडाकृती. पितळही हलकं. विचारलं तर ऑपरेटर उद्धटपणे फाईल खराब म्हणतो. दोन दिवस उशीर वेगळाच."

उत्तराला आठवडा लागला. पाटी तुम्ही रागानं टेबलावर ठेवून गेलात, ते एका अर्थी बरं झालं. ती नीट मोजून बघितल्याशिवाय मला काही लिहायचं नव्हतं. उशीर झाला, मान्य. पाटी दाराला न लागताच वास्तुशांत झाली, याची भरपाई माझ्याकडं नाही.

आता पाटी. आधी शिरोरेषा. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर ६० अंशांच्या व्ही-बिटनं, म्हणजे व्ही आकाराच्या टोकदार कटरनं, कोरताना रेषेची रुंदी खोलीवर ठरते. आमच्या बिटचं टोक ०.१ मिमीचं. टूल ०.३ मिमी खाली गेलं की रेष साधारण ०.४५ मिमीची येते, ०.१ मिमीच गेलं तर ०.२ च्या आसपास. तुमच्या पाटीवर डावीकडं ०.४५ भरली, उजवीकडं ०.२२. म्हणजे ४५० मिमी लांबीच्या पत्र्याची डावी बाजू उजवीपेक्षा ०.२ मिमीनं उचललेली होती. पाटी उलटी करून बघितली तर डाव्या कडेला शिअरिंगची बर, म्हणजे पत्रा कापताना उभी राहिलेली धारदार कड, तशीच. झिरो, म्हणजे खोली जिथून मोजायची ती पातळी, घेतला डाव्या कोपऱ्यावर. तिथं सगळं बरोबर, पुढं पत्रा उतरत गेला. उंचसखलपणा मोजणारा डायल या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या बहुतेकांसारखं आमचं रोजचं काम कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भाग मशीनवर कापायचं. तिथं पहिल्याच कटला २ मिमी माल निघतो, ०.२ ची कुणाला पडलेली नसते. कोरीवकामात तेवढ्यानं अक्षराची दोन तृतीयांश खोली जाते. ही चूक पूर्ण आमची.

कन्नड अक्षरांचं दुखणं वेगळं निघालं. त्या लिपीत गोलावा फार, लहान लहान वाटोळे फेरे. टूल गोल फिरतं तेव्हा प्रत्येक फेऱ्यात चार ठिकाणी एखाद्या अक्षाची दिशा उलटते, आणि टेबल हलवणाऱ्या स्क्रूमध्ये ढिलाई असेल तर उलटताना टेबल क्षणभर जागेवरच राहतं. तिथं गोल चपटा होतो. डायल लावून वाय अक्ष १ मिमी पुढं नेला आणि मागं आणला, तर परत येताना तो ०.०८ मिमी कमी भरला. ८० मायक्रॉन! मोठ्या जॉबला हे कधी जाणवलं नव्हतं. ३ मिमीच्या फेऱ्यात, तेही चकचकीत पितळेवर, डोळ्याला लगेच खुपतं. कंट्रोलरमध्ये कॉम्पेन्सेशनचा आकडा टाकून हे झाकता येतं आणि आम्ही वर्षभर तेच करत आलो होतो, हेही सांगून टाकतो. यावेळी कव्हर काढलं. स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगचा लॉकनट सुटत आला होता. तो आवळल्यावर ढिलाई ०.०१ वर आली. दोन लिप्या एका पाटीवर होत्या म्हणून दोन वेगळे दोष सापडले, नाहीतर सगळं 'पत्रा वाकडा होता' म्हणून मिटवलं असतं.

वेलीकडं येतो. तुमच्या फाईलचा विषय इथं आहे. तुम्ही दिलेला वेल फोटोवरून ऑटो-ट्रेस केलेला होता. दिसायला छान, पण आत एकेक वळण म्हणजे ०.०५ मिमीच्या सरळ तुकड्यांची माळ. अकरा हजारांवर बिंदू. आमचं व्हीएमसी (हेच कॉम्प्युटरवरचं कटिंग मशीन) जुनं, एवढा प्रोग्राम त्याच्या मेमरीत मावत नाही, म्हणून कॉम्प्युटरवरून केबलनं पाजावा लागतो. स्पिंडल ८००० आरपीएम, एका धारेचा कटर, फेऱ्यामागं ०.०२ मिमी माल, म्हणजे फीड, टूल पुढं सरकायचा वेग, मिनिटाला १६० मिमी. त्या फीडला सेकंदाला प्रोग्रामच्या पन्नासच्या वर ओळी लागतात आणि ९६०० बॉड वेगाच्या केबलमधून, ओळीचे नंबर धरून, चाळीसच्या आसपास येतात. मशीन उपाशी राहतं, अडखळतं. जिथं थांबतं तिथं टूल नुसतं घासतं आणि काळा ठिपका उठतो. ठिपके दिसले तसं आमच्या ऑपरेटरनं कॅममध्ये, म्हणजे चित्राचा प्रोग्राम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टॉलरन्स (मूळ रेषेपासून चालणारी तफावत) ०.१५ मिमीवर नेऊन ओळी कमी केल्या. ठिपके गेले, त्यांच्याबरोबर टोकंही गेली. भरीला टूलपाथ, म्हणजे टूल फिरायचा मार्ग, एकाच खोलीचा टाकलेला. व्ही-बिटला कोपऱ्यात हळूहळू वर उचलत नेलं तरच टोक सुईसारखं निमुळतं येतं. एकाच खोलीवर फिरवलं तर टोक टूलच्या जाडीएवढं गोल राहणारच. मशीनचा वेळ वाचावा म्हणून तो पाथ मीच निवडायला सांगितला होता.

तेव्हा 'फाईल खराब' हे अर्धं खरं. पण ट्रेसमध्ये किती बिंदू आहेत हे तुम्ही बघायचं नसतं, काम घेतानाच आम्ही बघायचं असतं. आगाऊ पैसे घेतल्यावर फाईलला नावं ठेवायची नसतात.

कमळाबाबत मात्र मशीनची बाजू घेतो. किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरचं कमळ तुम्हाला हवं होतं. रट्ट राजघराण्याच्या काळातलं, १२०४ सालचं ते बांधकाम; निवड उत्तम होती. पाटीवर ते ९२ बाय ८६ भरतं. आम्ही आधी दोष बॅकलॅशवर, म्हणजे स्क्रूच्या त्याच ढिलाईवर, ढकलला आणि अर्धा दिवस घालवला. मग ध्यानात आलं, ८० मायक्रॉनच्या ढिलाईनं ६ मिमी कसे खाल्ले जातील? शिवाय बॅकलॅशचा गोल अक्ष उलटतो तेवढ्याच ठिकाणी चपटा असतो. हा तर सगळीकडून गुळगुळीत लांबट. भंगारातल्या तुकड्यावर ५० मिमीचा गोल कापला, तो दोन्हीकडून ५० भरला. फोटो परत उघडला. छताचा फोटो बरोबर मधोमध उताणं झोपून कोण काढतं? तुम्ही थोडे बाजूला उभे होता, गोलाचा अंडाकार तिथंच झाला. मशीननं दिलेलं इमानदारीनं कापलं. तरी कापण्याआधी त्यावर एक वर्तुळ ठेवून बघायला आम्हाला काय झालं होतं, हा प्रश्न उरतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफला तुमचा अंगठा आला होता, पण बोटभर चित्रात ते कुणालाच दिसलं नसतं, म्हणून तो मुद्दा मी काढत नाही.

पितळ हलकं, हे मान्य नाही. ६३ टक्के तांबं आणि बाकी जस्त असा पत्रा आहे. खरेदीचं बिल कधीही दाखवतो. पत्र्याचं पितळ मऊ आणि चिवट असतं. शिसं घातलेल्या दांड्याच्या पितळेसारखी त्याची भुकटी पडत नाही, ते टूलला चिकटतं आणि रेषेच्या कडेला बारीक बर उभी राहते. बोट फिरवल्यावर खरखरतं ते हेच. शेवटी ०.०२ मिमीचा एक हलका फेरा मारून नायलॉनचा ब्रश फिरवला की जातं. तुमच्या पाटीवर घाईत ते राहिलं.

आणि उद्धटपणा. आमच्या ऑपरेटरला मराठी सगळं कळतं, बोलताना शब्द सापडत नाहीत. त्यामुळं तो तोडून बोलल्यासारखा वाटतो. पण तुम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. पहिली कन्नड ओळ कापून झाल्यावर तोच मशीन थांबवून माझ्याकडं आला होता: "सर, इदु सरी इल्ला." म्हणजे, सर, हे बरोबर नाही. मी फोनवर होतो. तिथूनच म्हटलं, चालतंय की, होऊ दे पुढं. त्यामुळं त्याच्या वाट्याचा राग माझ्या नावावर लिहा. रिव्ह्यूमधलं त्याच्याबद्दलचं वाक्य तेवढं काढलंत तर बरं वाटेल. तारा एकच ठेवा, हरकत नाही.

नवी पाटी आमच्या खर्चानं. वेल हातानं परत काढला, अकरा हजारांचे ६४० बिंदू झाले. टूलपाथ आता टोकाला वर उचलणारा, टॉलरन्स ०.०१, ओळींचे नंबर काढले आणि प्रोग्रामचे चार तुकडे करून मेमरीतच भरले. पत्रा यावेळी कोपऱ्यांना न आवळता, फेसिंग करून सपाट केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर दुहेरी टेपनं पूर्ण चिकटवणार. अ‍ॅक्रिलिकवर नमुना कापून ठेवलाय.

पितळ अजून लावलेलं नाही. बस्तीतल्या कमळाला ७२ पाकळ्या असल्याचं सांगतात. ९० मिमीत तेवढ्या घातल्या तर टूल शिरायला जागाच उरत नाही, म्हणून बाहेरची फेरी सोडून आतल्या घेतल्या आहेत. फोटोत डावीकडच्या तीन पाकळ्या अंधारात आहेत, त्या समोरच्यांवरून काढल्यात. शनिवारी दुपारी दोननंतर या, नमुना हातात घेऊन बघा आणि त्या तिघींचं काय ते सांगा. तोवर मशीनवर दुसरं काम चढवत नाही.