पॅरिसचं सुवर्ण एकट्या द्यूपाँचं नव्हतं

पॅरिस ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या रग्बी सेव्हन्स (एका बाजूला पंधराऐवजी सातच खेळाडू असलेली रग्बी) फायनलची एक छोटी क्लिप अजूनही फिरते. उत्तरार्ध नुकताच सुरू झालाय, फ्रान्सचा आंत्वान द्यूपाँ चेंडू घेऊन मैदानाच्या कडेने सुटतो, आणि काही सेकंदांत आरों ग्रांदिदिए न्कानांग ट्राय करतो, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून पाच गुण मिळवतो. क्लिपसोबतचा मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच असतो: “फ्रान्सचा सेव्हन्स संघ कुठेच नव्हता. पंधरांच्या रग्बीतला सुपरस्टार चार महिने आला आणि एकट्याने सुवर्ण घेऊन गेला. घरचं मैदान होतं, आणि १४ मिनिटांच्या खेळात नशीबच चालतं. एक मोठा स्टार आणा, पदक मिळवा.”

यातला प्रत्येक तुकडा तपासून पाहण्यासारखा आहे. द्यूपाँ महान खेळाडू आहे यावर आमचा वाद नाही. फायनलमध्ये दोन ट्राय त्याने स्वतः केले, आणि २०२४ चा जगातला सर्वोत्तम सेव्हन्स खेळाडू हा वर्ल्ड रग्बीचा पुरस्कार त्याला योग्यच मिळाला. पण हा दावा खरा मानला, तर बाकीच्या अकरा जणांची वर्षांची मेहनत पुसली जाते आणि सेव्हन्समध्ये सामने कशाने जिंकले जातात हेही नजरेआड होतं.

“फ्रान्सचा संघ कुठेच नव्हता.”

२०२१ च्या जूनमध्ये हे म्हटलं असतं, तर पटलं असतं. तेव्हा मोनॅकोच्या शेवटच्या पात्रता स्पर्धेत आयर्लंडने फ्रान्सला २८-१९ असं हरवलं आणि टोकियो ऑलिंपिकचं दार बंद झालं. त्यानंतर चित्र बदललं. २०२२-२३ च्या जागतिक मालिकेत, म्हणजे हंगामभर वेगवेगळ्या शहरांत होणाऱ्या सेव्हन्स स्पर्धांमध्ये मिळून, फ्रान्स चौथा आला. त्या मालिकेतून पहिल्या चार संघांना ऑलिंपिकचं तिकीट होतं. फ्रान्सला यजमान म्हणून जागा आधीच मिळालेली असल्याने चौथं तिकीट पाचव्या आलेल्या ऑस्ट्रेलियाकडे सरकलं. म्हणजे यजमानपद नसतं तरी हा संघ पॅरिसला पोचलाच असता. या सगळ्या काळात द्यूपाँ सेव्हन्सचा एकही सामना खेळलेला नव्हता.

२०२४ मध्ये फ्रान्सने मालिकेतल्या दोन स्पर्धा जिंकल्या: मार्चमध्ये लॉस एंजेलिस, जिथे फायनलमध्ये ग्रेट ब्रिटनला २१-० ने हरवलं, आणि जूनच्या सुरुवातीला माद्रिद, जिथे अर्जेंटिनाला १९-५ ने. लॉस एंजेलिसचं विजेतेपद एकोणीस वर्षांनी आलं होतं. दोन्हीकडे द्यूपाँ संघात होता, आणि दावा करणाऱ्यांची सगळी भिस्त याच दोन विजयांवर आहे. या दोन स्पर्धांच्या मधलं हाँगकाँग मात्र त्यांच्या यादीत कधीच दिसत नाही. एप्रिलमध्ये द्यूपाँ आपल्या तुलूज क्लबकडून पंधरांची रग्बी खेळत होता. त्याच्याशिवाय फ्रान्स हाँगकाँगच्या फायनलला पोचला आणि न्यूझीलंडकडून १०-७ ने हरला. तीन गुणांचा फरक! हाँगकाँगच्या फायनलपर्यंत जाणारा संघ “कुठेच नाही” असं कोण म्हणेल?

“एकट्याने सुवर्ण घेऊन गेला.”

इथे सामन्यांचे आकडे ओळीने वाचावे लागतात. २४ जुलैला स्ताद द फ्रान्सवर पहिला सामना अमेरिकेशी, १२-१२ बरोबरी. त्याच दिवशी उरुग्वेवर १९-१२ असा घाम काढणारा विजय. २५ ला फिजीकडून १२-१९ अशी हार. गटात एक विजय, एक बरोबरी, एक पराभव. अमेरिकेचेही तेवढेच गुण होते आणि आपसातली लढत बरोबरीत सुटलेली, म्हणून गुणफरक बघावा लागला आणि फ्रान्स दुसरा ठरला. तीन सामन्यांत फ्रान्सने ४३ गुण केले आणि ४३ च दिले. द्यूपाँ तेव्हाही संघात होता.

मग बाद फेरी. उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनावर २६-१४, एक दिवसाच्या विश्रांतीनंतर २७ जुलैला उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेवर १९-५, आणि त्याच संध्याकाळी फायनलमध्ये फिजीवर २८-७. तीन सामन्यांत ७३ गुण केले, २६ दिले. ७३ हा आकडा डोळ्यांत भरतो, पण आमच्या मते महत्त्वाचा आकडा २६ चा आहे. सामन्यामागे चौदाच्या वर गुण देणारा संघ अचानक नऊच्या खाली आला, तेही अधिक बलवान प्रतिस्पर्ध्यांसमोर. असा बचाव एक माणूस करू शकत नाही. सेव्हन्सचं मैदान पंधरांच्या खेळाएवढंच असतं, लांबी १०० मीटर, रुंदी साधारण ७०. एक खेळाडू मागे राखणीला ठेवला, तर सहा जणांनी ७० मीटरची फळी सांभाळायची असते, म्हणजे दोघांमध्ये बारा-चौदा मीटर. एकजण अर्धं पाऊल लवकर पुढे सरकला तरी त्याच्या शेजारी दार उघडतं. बाहेरच्याने ते झाकायला आत यावं, तर कडेला मोकळं रान. या पातळीवर बहुतेक ट्राय असेच पडतात: टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडणं) चुकण्याआधी फळी वाकडी झालेली असते. जेरोम दारे यांच्या प्रशिक्षणाखालच्या आणि पोलँ रिव्हाच्या नेतृत्वाखालच्या या संघाची फळी बाद फेरीत सरळ राहिली.

फायनलमध्ये पहिला ट्राय फिजीच्या जोसेव्हा तालाकोलोचा. बरोबरी साधली ती जेफरसन-ली जोसेफने. मध्यंतराला ७-७. द्यूपाँ मैदानात उतरला तो त्यानंतर. म्हणजे ऑलिंपिकमध्ये तोवर एकही सामना न हरलेल्या संघाला फ्रान्सच्या इतर खेळाडूंनी सात मिनिटं बरोबरीत रोखून धरलं होतं. मग द्यूपाँची ती धाव, ग्रांदिदिए न्कानांगचा ट्राय आणि शेवटी द्यूपाँचे दोन.

त्याला बाकावर ठेवणं हा विचारपूर्वक केलेला डाव होता. सामन्यासाठी बारा जणांचा संघ, सात मैदानात आणि पाच बाकावर. सात-सात मिनिटांचे दोन भाग, मध्यंतर जेमतेम दोन मिनिटांचं. त्याच दिवशी उपांत्य सामना झालेला असताना आठव्या मिनिटाला समोरच्याचे पाय जड होऊ लागतात, तेव्हा ताज्या दमाचा, बुटका, टॅकल झटकून टाकणारा माणूस आत आला तर त्याची किंमत दुप्पट होते. मात्र तोवर सामना हातात राहिलेला हवा. पूर्वार्धात दोन ट्राय मागे पडलात, तर तोच बदली खेळाडू घाईने जोखीम घेत राहतो. आणि बदल फार उशिरा केला, तर त्याच्या वाट्याला दोनच वेळा चेंडू येतो.

“घरचं मैदान होतं.”

प्रेक्षकांचा आवाज होता, नाकारत नाही. पण त्याच स्टेडियमवर, दोन दिवसांनी, फ्रान्सचा महिला संघ उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाकडून १९-१४ ने हरला. तो टोकियोचा रौप्यविजेता संघ होता. मैदान तेच, प्रेक्षकही तेवढेच पाठीशी. सोप्या गटाचा आरोप तर टिकतच नाही, कारण फ्रान्सच्या गटात दोन वेळचा विजेता फिजी होता.

“१४ मिनिटांच्या खेळात नशीबच चालतं.”

रिओत फिजीने फायनल ४३-७ ने जिंकली, टोकियोत २७-१२ ने, पॅरिसमध्ये रौप्य. तीन ऑलिंपिक, अठरा सामने, सतरा विजय, आणि एकुलता एक पराभव शेवटच्या फायनलमध्ये. नशिबाचा खेळ असता तर असा आलेख निघाला नसता. याच फिजीने २०२३-२४ च्या मालिकेत एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती, हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलले गेले, आणि रिओचा कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊने सूत्रं हाती घेतली. तरी संघ फायनलला पोचला.

सामना छोटा असल्याने चूक महाग पडते हे खरं. पण त्यामुळे नशिबाला वाव मिळतो असं नाही. उलट ठरावीक कौशल्यांचं वजन वाढतं. त्यात पहिलं किकऑफ, म्हणजे गुण झाल्यावर मैदानाच्या मध्यावरून खेळ पुन्हा सुरू करणारी किक. पंधरांच्या खेळात ज्याच्यावर गुण झाले तो संघ किक मारतो. सेव्हन्समध्ये उलटं: ज्याने गुण केले त्यानेच किक मारायची. म्हणजे ट्राय करून तुम्ही चेंडू समोरच्याला देऊ पाहता, आणि तो हवेत परत जिंकलात तर त्यांना चेंडू न मिळताच तुमचा दुसरा ट्राय होतो. चौदा-शून्याची आघाडी अनेकदा अशीच दीड-दोन मिनिटांत उभी राहते.

म्हणून किक कशी पडते यावर सगळं येतं. ड्रॉप किकने, म्हणजे चेंडू हातातून सोडून तो जमिनीला टेकताच मारलेल्या किकने, चेंडू मध्यरेषेपासूनच्या दहा मीटरच्या रेषेच्या जरा पुढे पडावा आणि तीनेक सेकंद हवेत राहावा, म्हणजे धावणारे खाली वेळेवर पोचतात. पाच-सात मीटर जास्त गेला तर समोरचा आरामात झेलतो, आणि तुमचे पुढे धावलेले तिघं खेळाबाहेर पडल्यासारखे होतात. दहा मीटर पार झाला नाही, किंवा टप्पा न पडता थेट बाहेर गेला, तर मैदानाच्या मध्यावर समोरच्याला फ्री किक. झेलणाऱ्या बाजूचीही वेगळी तयारी लागते: दोघे उचलणारे, एक उडी घेणारा. उचलणारा अर्धा सेकंद उशिरा आला की चेंडू बोटांना लागून मागे उडतो. आणि हवेतल्या माणसाला कुणी धक्का दिला तर पेनल्टी, बहुधा यलो कार्डही. यलो कार्ड म्हणजे दोन मिनिटं सहाच जण. चौदातली दोन, म्हणजे सामन्याचा सातवा हिस्सा. पंधरांच्या खेळात दहा मिनिटं बाहेर बसावं लागतं, पण तिथे सामना ऐंशीचा आणि उरलेले चौदा असतात.

दुसरं कौशल्य कन्व्हर्जन, म्हणजे ट्राय जिथे झाला त्याच्या सरळ रेषेतून गोलपोस्टमधून मारायची दोन गुणांची किक. इथे चेंडू जमिनीवर ठेवून मारता येत नाही, ड्रॉप किकच लागते, तीही ट्रायनंतर तीस सेकंदांत. साठ मीटर पळून कोपऱ्यात ट्राय करणाऱ्याने शेवटच्या क्षणी गोलपोस्टच्या दिशेने वळायचं, की पकडलं जाण्याचा धोका टाळायचा, हा निर्णय म्हणूनच मोठा असतो. फायनलमधल्या फ्रान्सच्या २८ गुणांची फोड करा: चार ट्राय, चारही कन्व्हर्जन यशस्वी. त्यावर एकही क्लिप निघालेली नाही, याचं वाईट वाटतं.

“एक मोठा स्टार आणा, पदक मिळवा.”

हा सल्ला सर्वांत घातक, कारण तो आधी वापरून झालाय. रिओमध्ये न्यूझीलंडने पंधरांच्या रग्बीतल्या सनी बिल विल्यम्सला आणलं. पहिल्याच सामन्यात त्याच्या टाचेच्या वरची स्नायूशीर तुटली, जपानने तो सामना १४-१२ ने जिंकला, आणि न्यूझीलंड उपांत्यपूर्व फेरीत फिजीकडून बाहेर पडला. दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने रिओसाठी प्रयत्न केला, पण त्याची निवड झाली नाही. पॅरिससाठी ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार मायकेल हूपर, सव्वाशे कसोटी सामने खेळलेला, सेव्हन्सकडे वळला आणि अंतिम संघात त्याला जागा मिळाली नाही. पंधरांच्याच खेळातून आलेल्या मार्क नवाकानितावासेला मिळाली आणि तो चांगला खेळला, पण पदक आलं नाही: ऑस्ट्रेलिया कांस्यपदकाच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेकडून २६-१९ ने हरला. आणि तो दक्षिण आफ्रिकेचा संघ? महिनाभर आधी मोनॅकोच्या पात्रता स्पर्धेतून, शेवटचं तिकीट घेऊन आलेला.

द्यूपाँ यशस्वी झाला, कारण त्याने किंमत मोजली. पंधरांच्या रग्बीतली २०२४ ची सिक्स नेशन्स स्पर्धा सोडली, फेब्रुवारीत व्हँकुव्हरला सेव्हन्स संघात आला, मग लॉस एंजेलिस आणि माद्रिद खेळला. मुख्य म्हणजे बाकावर बसायला तयार झाला. प्रत्येक स्टार हे मान्य करत नाही.

पॅरिसनंतरच्या २०२४-२५ च्या हंगामात, द्यूपाँशिवाय, फ्रान्सने मालिकेतली एकही स्पर्धा जिंकली नाही. हेही पुरावा म्हणून दाखवलं जातं. पण आदल्या वर्षी फिजीही विजेतेपदाविना राहिला होता आणि लॉस एंजेलिसआधी एकोणीस वर्षं फ्रान्सही. आठ-दहा संघ इतके जवळजवळ असताना एका कोरड्या हंगामावरून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही.

आपल्याकडे हा दावा पसरण्याला एक संदर्भ आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सेव्हन्सची, आणि परदेशी खेळाडूंमुळे अनेकांनी हा खेळ पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला. तिथे चार-चार मिनिटांचे चार भाग होते, दर चार मिनिटांनी श्वास घ्यायला थांबा. ऑलिंपिकच्या खेळात सलग सात मिनिटं आणि दिवसाला दोन सामने असतात. लीगमध्ये उठून दिसलेला खेळाडू तिथे तसाच दिसेल असं धरून चालू नये. महाराष्ट्रातल्या एखाद्या क्लबला सेव्हन्सचा संघ खरोखर उभा करायचा असेल, तर आधी दोन जण असे शोधावेत ज्यांची ड्रॉप किक दहा मीटरच्या रेषेपुढे, दहापैकी आठ वेळा, एकाच पट्ट्यात पडते, आणि मग उचलणाऱ्या तिघांचा सराव त्याच किकवर, दमल्यानंतर, सरावाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत घ्यावा.